वावरात रात्री न्यायला चार्जिंगची बॅटरी कोणती घ्यावी? वर्षात तीन झाल्या

पांदणवाट
नमस्कार मंडळी. आधी शब्दांचा घोळ मिटवतो. आमच्याकडे बॅटरी म्हणजे टॉर्च, आणि तिच्या आत टाकतात ते सेल. पुण्या-मुंबईकडच्यांनी तसं वाचावं.

गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्याच्या एका टोकाला. मी नागपूरला नोकरीला, आई-बाबा गावी. साडेचार एकर ओलिताचं वावर, यंदा हरभरा आणि थोडा गहू. शेतीची लाइन आळीपाळीनं, एक पाळी दिवसा ८ तास, एक पाळी रात्री १० तास. रात्रीची पाळी आली की बाबा (वय ६८) स्प्रिंकलरचे पाइप बदलायला एकटेच जातात. घरापासून विहीर सव्वा किलोमीटर, सगळी पांदण. मधे एक नाला.

गेल्या दिवाळीपासून तीन बॅटऱ्या घेऊन झाल्या. पहिली बाजारातली मोठी, मागून दोन पिना निघणारी. दोन महिने झकास चालली, मग रात्रभर चार्जिंगला लावली तरी पंधरा मिनिटांत गप. दुसरीची चार्जिंगची जागाच आत घुसली. तिसरी मी ऑनलाइन मागवली, काळी, झूमवाली, डब्यावर '१०,००० लुमेन' (उजेडाचं माप) छापलेलं. परवा ती नाल्यापाशी एकदम विझली. बाबा मोबाइलच्या उजेडात परत आले, मोबाइलमधे चार टक्के.

मला फोनवर म्हणाले, "जुनी तीन सेलची पितळीच बरी होती बा. मरायच्या आधी पिवळी पडून सांगत तरी होती."

बजेट दीड हजार. थोडं पुढंमागं चालेल. काय घ्यावं?

रोही_पळाला
भाऊ, कायले एवढा खर्च करता. फवारणीच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घरी असंलच. त्याले मोटरसायकलचा एलईडी लावा अन् खांद्याले अडकवा. माह्या वावरात चार वर्षं झाले, रात्रभर जागल करतो. उजेड असा पडते का शेजारचा कास्तकार म्हणते ट्रॅक्टर आला का काय.

पांदणवाट
@रोही_पळाला, पंप आहे. पण त्याची बॅटरी अडीच-तीन किलोची. बाबांच्या एका खांद्यावर ती आणि दुसऱ्यावर पाइप?

रोही_पळाला
हे बी खरं हाय. मी मचाणावर बसून राहतो, फिरत नाई.

सोल्डरगन
चांदूर रेल्वेला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. तुमच्या तिन्ही बॅटऱ्या न बघता सांगतो काय झालं असेल.

पहिलीत ४ व्होल्टची शिसं-तेजाबाची छोटी बॅटरी होती. दोन-दोन व्होल्टचे दोन कप्पे. ही बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर कडक होतो आणि मग ती चार्ज घेतच नाही. पावसाळ्यात वापरली, दोन महिने खुंटीला टांगली, हरभऱ्याला पुन्हा काढली, इतकं पुरतं. दुसरं मरण उलट्या बाजूनं. या बॅटऱ्यांमधे चार्ज पूर्ण झाल्यावर बंद करणारं सर्किट बहुतेक नसतंच. रात्रभर लावली की आतलं पाणी आटतं. तिला सात-आठ तास पुरतात. आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा: पिना थेट बोर्डात खोचायची असली बॅटरी चार्जिंगला असताना उघडायची नाही. आत ट्रान्सफॉर्मर नसतो, घरातला २३० व्होल्टचा करंट सरळ सर्किटवर आलेला असतो. माझ्याकडं आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या बोटाला अजून खूण आहे.

दुसरीचं दुखणं साधं. चार्जिंगचं सॉकेट बोर्डाला नुसत्या डागावर चिकटवलेलं होतं. पंधरा मिनिटांचं काम, आणून द्या.

तिसरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक तिथंच फसतात.

त्या झूमवालीत १८६५० नावाचा सेल असतो. नाव म्हणजे मापच, १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. लिथियम-आयन. भरला की ४.२ व्होल्ट, सरासरी ३.७, आणि ३ च्या खाली नेऊ नये. चांगल्यातला चांगला, सॅमसंग, एलजी, पॅनासोनिकचा अस्सल सेल घेतला तरी ३४००-३५०० एमएएचच्या (सेलमधे किती चार्ज मावतो त्याचं माप) आसपास थांबतो. बाजारात ज्याच्यावर ९९०० लिहिलेलं असतं त्यात मी मोजलेत तर कधी ८००, कधी १२००. ओळखायची सोपी युक्ती, किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. अस्सल सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. तीसच्या आतबाहेर भरला तर आत काय आहे ते विचारू नका. एकदा एक कापला तर आत बोटभर सेल आणि बाकी पांढरी पावडर निघाली.

आता लुमेनचा हिशोब. आजची बरी एलईडी एका वॉटमागं साधारण शंभर लुमेन देते. म्हणजे १०,००० लुमेनला शंभर वॉट. तुमच्या सेलमधे एकूण ऊर्जा किती? अस्सल ३००० एमएएचचा, म्हणजे ३ अँपिअर-तासाचा धरला तरी ३.७ गुणिले ३, अकरा वॉट-तास. सहा-सात मिनिटांत खलास, आणि तेवढ्यात हातातल्या नळीचा तवा झालेला असेल. डब्यावर छापायला शाई लागते, सेल लागत नाही.

बाबा बोलले ते मात्र शंभर टक्के बरोबर. जुन्या गोळ्याच्या बॅटरीत व्होल्टेज उतरलं की तार कमी तापायची, उजेड पिवळा व्हायचा. लिथियमवर चालणाऱ्यात सेलचं संरक्षण करणारं सर्किट ठरावीक व्होल्टेजला फटकन तोडतं. त्यानं सेल वाचतो, माणूस नाल्यात राहतो.

पांदणवाट
@सोल्डरगन, सेल काढून वजन केलं. आईनं दुधाच्या डेअरीतून काटा मागून आणला. २९ ग्रॅम.

सोल्डरगन
झालं मग.

कोथरूडचा_कावळा
बाहेरचा प्रश्न विचारतो, रागावू नका. मोबाइलचा फ्लॅशलाइट का नाही पुरत? आणि दिवसा का नाही देत पाणी?

निंबोणी
@कोथरूडचा_कावळा, दिवसा लाइन असती तर कोणाला हौस आली आहे थंडीत चिखल तुडवायची. सौर कृषी वाहिनी आली आहे काही गावांत, तिथं दिवसा मिळते. आमच्याकडं अजून रात्रीचीच पाळी आहे. आणि मोबाइल ओल्या हातातून पाण्याच्या पाटात पडला की उजेड पण गेला आणि घरी कळवायचं साधन पण गेलं.

झाडीपट्टीकर
ब्रह्मपुरीकडचा आहे. सगळे सेल आणि वॉट बोलत आहेत, मी उजेड कुठं पाडायचा ते बोलतो.

लोक दुकानात जातात, बाहेर येऊन समोरच्या टाकीवर फोकस मारतात, टाकी दिसली की पैसे देतात. वावरात तुमचा जीव पाच पावलांच्या आत असतो. परड (पुस्तकात घोणस म्हणतात ती) रात्री पांदणीच्या मऊ धुळीत वेटोळं घालून पडलेली असते, आणि धूळ न् ती एकाच रंगाची. त्याहून वाईट म्हणजे डुकरांसाठी कोणी धुऱ्यावर सोडलेली करंटची तार. तिला ना आवाज ना डोळे. आमच्या भागात माणसं गेली आहेत त्यानं.

म्हणून बॅटरी कमरेच्या खाली, मांडीजवळ धरा आणि उजेड आडवा जाऊ द्या. खाली धरलेल्या उजेडात बारीक तारेचीही सावली लांब पडते, ढेकळाची पडते, सापाची पडते. कपाळावरच्या बॅटरीत सावली त्या वस्तूच्या मागंच लपते, सगळं सपाट दिसतं. दोन्ही वापरून बघा, फरक पहिल्या रात्री कळेल.

कपाळावरचीचा एक फायदा मात्र खरा. जनावराच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून उजेड परत येतो, तो आपल्या डोळ्याजवळून सोडलेला असेल तरच नीट चमकतो. रोही, चितळ, बिबट, मांजर, सगळ्यांचे डोळे पेटतात. कोळ्याचे सुद्धा, दवासारखे बारीक हिरवे ठिपके. पण डुकराच्या डोळ्यात तो पडदाच नसतो. म्हणून फोकस फिरवून 'काही नाही' म्हणणाऱ्यानं समजावं, रानडुक्कर तिथंच उभं असू शकतं. कान उघडे ठेवा.

वाघाचं विचारू नका. बॅटरीनं वाघ पळतो असं ज्याला वाटतं त्यानं आमच्याकडं एक रात्र यावं. आम्ही चौघं मिळून जातो, बोलत जातो. आणि जंगलाला लागून वावर असेल तर लांबचा फोकस झाडीत मारत फिरू नका, वनविभागाची गाडी शिकारी समजून हटकते, आणि त्यांचं चूक नाही.

रोही_पळाला
डुकराचं हे आज कळलं. म्हनून मले वाटे का डुक्कर मुद्दाम डोये मिटून राहते!

निंबोणी
धारणी भागात आशाचं काम करते. रात्रीबेरात्री बाळंतपणाला बोलावणं येतं. माझा अनुभव कपाळावरचीच्या बाजूनं आहे. एका हातात पिशवी, एका हातात काठी, मग बॅटरी कुठं धरू? आणि झोपडीत लाइट नसेल तर दोन्ही हात मोकळे लागतातच.

पण झाडीपट्टीकर म्हणतात ते सावलीचं मलाही जाणवलंय. मी चालताना ती कपाळावरून काढून पट्टा मनगटाला गुंडाळते. पावसाळ्यात तर काढावीच लागते, सगळे किडे तोंडावर येतात. पिवळसर उजेडावर किडे कमी येतात, हे पण लक्षात ठेवा.

माझी ट्रिपल ए सेलवर चालते. निकेलवाले रिचार्जेबल, १.२ व्होल्टचे. चार जोड आहेत. लिथियमसारखी ताकद नाही, पण बिघडायला काही नाही, आणि अडलंच तर गावातल्या दुकानात साधे सेल मिळतात. १८६५० आमच्या गावात कोण देणार?

सोल्डरगन
@निंबोणी ताई, तुमच्या कामाला तेच योग्य. फक्त निकेलमधे 'लो सेल्फ डिस्चार्ज' लिहिलेले घ्या. साधे असतील तर महिनाभर ठेवून दिले की बराच चार्ज आपोआप उतरतो. आणि साधे झिंक-कार्बनचे सेल टाकले तर काम झाल्यावर काढून ठेवा, ते पाझरून स्प्रिंग खातात.

जुगाडू_वणी
जुन्या लॅपटॉपची बॅटरी फोडा, आत सहा १८६५० निघतात, अस्सल कंपनीचे. भंगारात शंभर-दीडशेला मिळते. मी तेच वापरतो, अजून काही झालं नाही.

सोल्डरगन
@जुगाडू_वणी, 'अजून' हा शब्द महत्त्वाचा. मीही करायचो. लॅपटॉपचा एकच सेल मेल्यामुळं ती भंगारात आलेली असते, आणि तो कोणता ते वरून दिसत नाही. दोन व्होल्टच्या खाली जाऊन पडलेला सेल पुन्हा भरला तर आत तांब्याचे धागे वाढलेले असू शकतात, आतल्या आत शॉर्ट. माझ्या टेबलावर एक असाच चार्ज होता होता फुसफुसायला लागला. मी तो चिमट्यानं उचलून अंगणातल्या रेतीच्या घमेल्यात टाकला, तिथं त्यानं हातभर ज्वाळा काढली. दुकानात पडद्याला लागली असती तर आज हे लिहायला नसतो. ६८ वर्षांच्या माणसाच्या खिशात तो सेल मी देणार नाही. तुम्ही मीटर लावून बघणारे आहात, तुमचं तुम्ही बघा.

जुगाडू_वणी
मान्य. पण दोन सेलवाल्या बॅटरीत एक नवा एक जुना कधी टाकू नये एवढं मीपण सांगतो. एकदा टाकला होता. जुना आधी उतरला, नवा त्याच्यातून करंट ढकलत राहिला. बॅटरी हातात धरवेना.

पांदणवाट
मग अंतिम काय समजू? हातातली, एक सेलवाली, सेल बदलता येणारी. लुमेन किती? आणि लांबवर किती दिसायला हवं?

सोल्डरगन
चालायला शंभर-दीडशे लुमेन भरपूर. पाइप बदलताना तीनशे. वरची पायरी हजारची असली तरी चालेल, पण ती एखाद-दोन मिनिटंच टिकते, नंतर गरम होऊन आपोआप उतरते. बिघाड नाही तो.

अंतराचा आकडा वाचायची एक पद्धत आहे. डब्यावर '२०० मीटर' असेल तर त्याचा अर्थ दोनशे मीटरवर पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड पडतो. तेवढ्यात रोही आहे की झुडूप ते कळत नाही. निम्म्या अंतरावर, शंभर मीटरवर, चौपट उजेड. तेवढ्यात कळतं. म्हणून छापील आकड्याचं निम्मं आपलं. बॅटरी किती तास चालते तो आकडा पण तसाच, सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उजेड येईपर्यंतचे तास मोजलेले असतात.

रंग शुभ्र निळसर घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत धुवारी असली की समोर पांढरी भिंत उभी राहते. ४०००-५००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेलं बघा. पाण्यासाठी आयपीएक्स-७ किंवा ८, म्हणजे निदान एक मीटर पाण्यात अर्धा तास. तुमच्याकडं नाला आहे.

आणि बाबांसाठी: बटणात बारीक दिवा असलेली घ्या, सेल उतरत आला की तो लाल होतो.

सेल वेगळा घेताना एक फसवणूक होते, तीही सांगतो. संरक्षण सर्किटवाला सेल ६५ ऐवजी ६८-७० मिलिमीटर लांब असतो, काही बॅटऱ्यांत झाकण लागत नाही. ठोकून बसवू नका. काहींना टोकाला बटण असलेला सेल लागतो, काहींना सपाट. आधी बॅटरीच्या पत्रकात बघा.

मास्तर_चिखली
टाइप-सीचं कोणी बोललं नाही. माझी नवी बॅटरी मोबाइलच्या नव्या चार्जरवर चार्जच होईना. परत पाठवायला निघालो होतो. पोरीनं जुन्या अडॅप्टरला चौकोनी पिनेची केबल लावून दिली, तर लगेच सुरू.

सोल्डरगन
@मास्तर_चिखली, नेहमीचं आहे. दोन्हीकडून टाइप-सी केबल असली की चार्जर आधी समोर कोण आहे ते विचारतो. उत्तर द्यायला ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, स्वस्तात ते वाचवतात.

झाडीपट्टीकर
उन्हाळ्याचं सांगा. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५-४६ ला जातो, टिनाच्या घरात त्याच्यावर.

सोल्डरगन
४५ च्या वर लिथियम चार्ज करायचाच नाही. पहाटे करा. मोटरसायकलच्या डिक्कीत, टिनाखाली, खिडकीत ठेवू नका, माठाजवळच्या कोनाड्यात ठेवा (माठावर नाही!). दोन महिने लागणार नसेल तर अर्ध्यावर ठेवा, पूर्ण भरून नाही आणि रिकामा तर नाहीच. शिसंवाल्याचं उलटं, तो भरूनच ठेवायचा. फवारणीच्या पंपालाही हेच, रोही भाऊ.

आणि मेलेले सेल उकिरड्यावर नको, चुलीत तर नकोच नको. २०२२ च्या नियमांनुसार सेल बनवणाऱ्यांवर ते परत घेऊन रिसायकल करायची जबाबदारी आहे. खेड्यात कोणी न्यायला येत नाही, पण तालुक्याला माझ्यासारख्याकडं आणून दिले तर मी एकगठ्ठा पाठवतो. टोकांना चिकटपट्टी लावून आणा.

पांदणवाट
तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार.

सेल बदलता येणारी एक घेतली, अस्सल सेल दोन. ४६ आणि ४७ ग्रॅम, डेअरीच्याच काट्यावर. बजेट दोनशेनं ओलांडलं. निंबोणीताईंचं ऐकून ट्रिपल एवाली एक छोटी पण घेतली, ती आईनं ठेवून घेतली.

बाबांना पहिल्या दिवशी बटण समजेना. एकदा दाबलं की मंद, धरून ठेवलं की पुढची पायरी, भर्रकन दोनदा दाबलं की लुकलुक. ते लुकलुकणं चुकून लागलं तर त्यांनी बॅटरी सरळ पोत्याखाली कोंबली. मग मागचं झाकण पाव आटा सैल करून बंद करायचं शिकवलं, आता ते तेवढंच वापरतात. मधल्या पायरीवर ठेवलेली आहे, झाकण आवळलं की पेटते, सैल केलं की विझते. पितळीच्या सरकपट्टीसारखं, म्हणाले.

खाली धरून चालायचं सांगितलं तर म्हणे, "ते मी कंदिलापासून तसंच धरतो."

एक गडबड होता होता राहिली. जास्तीचा सेल कुठं ठेवता विचारलं, तर चुन्याच्या डबीत. पत्र्याच्या!

सोल्डरगन
अहो!! आजच काढा. दोन्ही टोकं पत्र्याला लागली तर डबी लालभडक होईल.

पांदणवाट
काढली. प्लॅस्टिकची डबी कुरिअरनं येते आहे. तोपर्यंत आईनं जुन्या लुगड्याच्या काठाची पिशवी शिवून दिली, नाडीसकट. परवाच्या पाळीला तिसरा पाइप बदलताना बटण लाल झालं, बाबांनी धुऱ्यावर बसून सेल बदलला आणि मला रात्री पावणेदोनला फोन केला. मी घाबरून उठलो. म्हणाले, "काही नाही, हिनं लाल होऊन सांगतलं, तेवढं सांगाले लावला."